बरणीच्या बुडाखालचा इतिहास

दुपारची भांडी घासून झाली असतील, जरा टेकला असाल. आज मी एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू तुमच्या फळीवर असेल, नाहीतर माळ्यावर पडलेली असेल. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढुरका, तोंडाला दादरा बांधलेला. बरोबर ओळखलंत. लोणच्याची बरणी.

आधी माझी एक चूक सांगते. सासूबाई गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही घर रंगवायला काढलं. माळ्यावर चार बरण्या निघाल्या. तेवढ्यात दारात भांडीवाली आली. तीन बरण्या देऊन मी एक मोठा प्लास्टिकचा टब घेतला. चौथी तिनं घेतली नाही, कारण तिच्या झाकणाची कड उडालेली होती. काही वर्षांनी पुण्यात एका नातेवाइकांकडे गेले, तर दिवाणखान्यात काचेच्या कपाटात दिवा सोडलेला आणि त्याखाली अगदी तशीच बरणी. त्यांनी ती जुन्या वस्तूंच्या दुकानातून विकत आणली होती. किंमत ऐकली आणि मनात म्हटलं, एवढ्यात माझे दहा टब आले असते.

खोटं कशाला बोलू, आधी पैशाचंच वाईट वाटलं. पण एसटीत बसल्यावर दुसरीच गोष्ट टोचायला लागली. त्या बरण्या सासूबाईंकडे कुठून आल्या, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. "ही माझ्या आईची," एवढंच त्या म्हणायच्या. आईची म्हणजे कोणत्या बाजारातली, कोणत्या साली घेतलेली, कशाच्या मोबदल्यात? आता सांगणारं कोणी उरलं नाही. टब तर दोन उन्हाळ्यांत तडकला.

तेव्हापासून मी या भांड्यांची माहिती गोळा करते आहे. पहिला प्रश्न मलाही पडला, तोच तुम्हाला पडेल. तिला 'चिनी माती' का म्हणायचं? ती चीनमधून आली का?

नाव चीनचं आहे, कारण ही विद्या चीनची. आपल्या कुंभाराची भट्टी साधारण आठ-नऊशे अंशांपर्यंत तापते. त्या आचेत माती पक्की होते, पण तिला बारीक छिद्रं राहतात. म्हणून तर माठ पाझरतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी गार राहतं. चीनमधल्या कुंभारांनी वेगळी वाट धरली. त्यांनी एक विशिष्ट पांढरी माती आणि एका प्रकारच्या दगडाची पूड एकत्र केली आणि भट्टी तेराशे अंशांच्या आसपास नेली. एवढ्या आचेत ते मिश्रण अर्धवट वितळून काचेसारखं होतं. छिद्रं बुजतात. त्यावर झिलई चढली की भांडं थेंबभरही पाणी पीत नाही. या पांढऱ्या मातीला केओलिन म्हणतात. जिंगदेझेन या चिनी कुंभारांच्या गावाजवळ गाओलिंग नावाची टेकडी आहे, तिच्यावरून हे नाव पडलं. तशी माती आपल्या सिंधुदुर्गातही निघते. माती सगळीकडे असते, पण ती कशी भाजायची हे चीनला शेकडो वर्षं आधी कळलं. युरोपातल्या लोकांना हे गुपित उलगडायला १७०८ ते १७१० ही सालं उजाडावी लागली. तोवर ते चिनी भांडी सोन्याच्या भावानं विकत घेत होते.

आता आपली बरणी. खऱ्या चिनी मातीचं भांडं पातळ असतं, उजेडासमोर धरलं तर पलीकडे बोटांची सावली दिसते. आपली बरणी जाड असते, तिच्यातून काही दिसत नाही. तिची माती वेगळी, आच थोडी कमी. पण गुण तोच. ती काही शोषून घेत नाही आणि काही सोडत नाही. तांब्या-पितळेत लोणचं कळकतं, लोखंडात काळं पडतं. बरणीत मीठ, आंबट, तेल, मसाला वर्षभर सुखानं नांदतात. 'काही शोषून घेत नाही' हा गुण लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीत तो परत परत येणार आहे.

लोणचं आणि बरणी यांचं नातं किती जुनं असावं? चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा प्रवासी मोरोक्कोहून निघून हिंदुस्थानात आला. आपल्या दौलताबादेतही तो राहून गेला. पुढे चीनकडे जाताना एका बंदरात त्याला एक राज्यकर्ती स्त्री भेटली. तिनं त्याला निरोपाच्या भेटी दिल्या, त्याची यादी त्यानं लिहून ठेवली आहे. त्यात चार मोठ्या बरण्या होत्या. बरण्यांत काय? आलं, मिरी, लिंबू आणि आंबा, समुद्रप्रवासात टिकावं म्हणून मीठ घालून मुरवलेलं. म्हणजे बाईनं पाहुण्याला लोणच्याच्या बरण्याच दिल्या! बरणीसाठी त्यानं शब्द वापरला आहे 'मर्तबान'. मर्तबान हे ब्रह्मदेशातलं बंदर. चीन, सयाम आणि ब्रह्मदेशात बनलेल्या मोठ्या बरण्या तिथून जहाजांवर चढायच्या, म्हणून बंदराचं नाव बरणीला चिकटलं. हिंदी-उर्दूत आजही बरणीला मर्तबान म्हणतात. आपल्या सोलापुरात तर एकाच गल्लीत तीन नावं ऐकू येतात. आपण बरणी म्हणतो, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांत जाडी म्हणतात. दूर केरळात तिला भरणी म्हणतात, चीनभरणीसुद्धा म्हणतात.

समुद्रातून आलेला हा माल आपल्या दख्खनेत कसा पोचला? त्या काळी चौल, दाभोळ आणि गोवा ही मोठी बंदरं होती. तिथे माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. चौलच्या आणि जुन्या गोव्याच्या परिसरात चिनी भांड्यांची खापरं सापडली आहेत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहाकडून गोवा घेतलं. पुढे चीनच्या किनाऱ्यावर मकाऊलाही त्यांनी ठाणं केलं. मग मकाऊ ते गोवा अशी जहाजं सुरू झाली आणि निळ्या नक्षीच्या पांढऱ्या भांड्यांचा ओघ वाढला. जहाजात ही भांडी तळाशी ठेवत, कारण ती जड असतात आणि ओलीनं खराब होत नाहीत. चहा आणि रेशीम वर, भांडी खाली.

ही भांडी घ्यायचे कोण? राजे आणि सरदार. आपलं सोलापूर तर दोन राज्यांच्या मधोमध होतं, एकीकडे विजापूरची आदिलशाही, दुसरीकडे अहमदनगरची निजामशाही. सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोघांत किती वेळा भांडणं झाली! अहमदनगरच्या चांदबिबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी झालं, तेव्हा हा किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून गेला. त्यानंतर थोड्याच काळानं, १५६५ मध्ये, तालिकोटची मोठी लढाई झाली. लेकीबरोबर आपल्याकडे बरणी जाते, तिच्याबरोबर अख्खा किल्ला गेला. पण लक्षात घ्या, किल्ल्याची नोंद इतिहासात राहिली, तिच्या रुखवतात भांडी कोणती होती, याची चर्चा कोणी करत नाही.

त्या दरबारांतली काही भांडी मात्र आजही बघता येतात. विजापूर सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर. गोलघुमटाच्या आवारात नगारखान्याच्या इमारतीत संग्रहालय आहे. तिथे जुने गालिचे आहेत, हस्तलिखितं आहेत, आणि चिनी मातीची भांडीही आहेत. गटाची सहल गोलघुमट बघायला जातेच. आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून परत फिरू नका, नगारखान्यातही जा.

दरबारात एका प्रकारच्या भांड्याला फार मान होता. हिरवट झिलईची जाड ताटं आणि वाडगे. हिंदुस्थानात त्यांना 'घोरी' म्हणत. समजूत अशी की विषारी अन्न वाढलं तर हे ताट तडकतं किंवा रंग बदलतं. भाऊ भावाला विष घालायचा तो काळ. असं ताट कोणाला नको होतं? पण आता मघाचा गुण आठवा. झिलई काही शोषून घेत नाही, कशाशी तिचं वैर नाही की मैत्री नाही. तिला विष काय आणि बासुंदी काय, सारखंच. राजे ज्या कारणासाठी ते ताट घेत होते, ते कारणच खोटं होतं. आणि ज्या गुणामुळे ते खोटं ठरतं, त्याच गुणामुळे आपलं लोणचं टिकतं.

राजे गेले आणि जमवण्याचा नाद व्यापाऱ्यांकडे आला. अठराव्या शतकापासून मुंबईचे पारशी व्यापारी चीनच्या कँटन बंदरात जाऊ लागले. इथून कापूस आणि अफू जायची, तिथून चहा, रेशीम आणि चिनी भांडी यायची. पारशी बायकांची भरतकाम केलेली गारा साडी त्याच वाटेनं आली. त्या अफूनं चीनमधली लाखो घरं धुळीला मिळाली, अफूवरून १८३९ मध्ये युद्ध पेटलं, हेही विसरू नये. सुंदर वस्तूच्या मागचा पैसा नेहमी सुंदर असतोच असं नाही. पुढे टाटा घराण्यातल्या सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांनी कलावस्तू जमवल्या, त्यात चीन-जपानची भांडी होती. त्यांचे संग्रह मुंबईच्या संग्रहालयाला मिळाले. पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. ते १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मुंबईला गेलात तर काचेपलीकडची ती भांडी तुम्हालाही बघता येतील.

तुम्ही म्हणाल, हे सगळं राजांचं आणि शेठ लोकांचं. आपलं यात काय? आता आपल्या बाजूची माणसं सांगते.

पुण्यात डॉ. दिनकर केळकर नावाचे कवी होते. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा छंद लागला. गावोगावी फिरून त्यांनी काय जमवलं? दिवे, अडकित्ते, किसण्या, पळ्या, फणी-करंड्याच्या पेट्या. बायांच्या हातांनी झिजलेल्या वस्तू. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहालयाला दिलं. वीस हजारांहून जास्त वस्तू जमल्या आणि १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला.

दुसरं नाव आपल्या शेजारचं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाव, संत गोरा कुंभारांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी तेरचा माल थेट रोमपर्यंत जात होता, तेव्हा गावाचं नाव होतं तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत, शेतात, ओढ्याकाठी सापडणारी खापरं, मातीच्या बाहुल्या आणि मणी जपून ठेवायला सुरुवात केली. लोकांनी ज्याला कचरा म्हटलं त्याचं आज सरकारी संग्रहालय झालं आहे आणि त्याला त्यांचंच नाव आहे. जमवणं म्हणजे महागाचं विकत घेणंच नव्हे. दुसऱ्याला ज्याची किंमत कळली नाही, ते ओळखून जपणं हेही जमवणंच.

मग आपल्या घरातली बरणी आली कुठून? बहुतेक घरांतली बरणी चीनमधून आलेली नाही. ती आपल्याच देशात घडलेली आहे. सौराष्ट्रात थानगढ, मोरबी, वांकानेर हा भाग चिनी मातीच्या कारखान्यांसाठी नावाजलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे या धंद्याचा पाया घातला परशुराम गणपुले या मराठी माणसानं. त्यांच्या नावानं परशुराम पॉटरी हा कारखाना उभा राहिला. ग्वाल्हेर आणि बंगालमध्येही कारखाने निघाले. तिथला माल रेल्वेनं गावोगावच्या बाजारात आला. म्हणजे नाव चीनचं, माती आणि घाम इथला.

कपबशी आली ती चहाबरोबर. आणि इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्या गावांत कित्येक हॉटेलांत दलितांसाठी कपबशी वेगळी असायची. कान तुटलेला कप बाहेर वळचणीला ठेवलेला, प्यायचा आणि ज्यानं प्यायला त्यानंच धुवून ठेवायचा. आपल्यातल्या काहींच्या आजोबांनी तो कप धुतला आहे, काहींच्या आजोबांनी तो धुवायला लावला आहे. आता परत तो गुण आठवा. चिनी माती काही शोषून घेत नाही. एकदा धुतली की आधी कोणाचे ओठ लागले याची खूणही राहत नाही. विटाळ भांड्यात नव्हताच, तो डोक्यात होता. राजाचं विषाचं ताट आणि हॉटेलातला वेगळा कप, दोन्ही समजुती सारख्याच खोट्या. फरक एवढाच की पहिलीनं कोणाचा अपमान झाला नाही. असा कान तुटलेला कप कोणाच्या घरी असेल तर तो टाकू नका. तोही इतिहास आहे, आणि तो पुढच्या पोरांना दाखवला पाहिजे.

आता थोडं कामाचं बोलू. आपलं भांडं कुठलं, हे कसं ओळखायचं?

आधी ते पालथं करा. जाणकार माणूस नक्षी नंतर बघतो, बूड आधी. बुडावर इंग्रजी, गुजराती किंवा देवनागरी अक्षरांचा शिक्का असेल तर तो कारखान्याचा. कपबशीवर इंग्रजीत देशाचं नाव असेल, तर ती बहुतेक १८९१ नंतरची समजायची, कारण त्या साली अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालायची सक्ती केली आणि मग ती पद्धत सगळीकडे पसरली. बुडावर चिनी अक्षरं असतील तर हुरळून जाऊ नका. चिनी कारागीर स्वतःच जुन्या बादशहांचे शिक्के नव्या भांड्यांवर काढायचे, कधी आदरानं, कधी गिऱ्हाइकासाठी. नुसता शिक्का हा पुरावा नव्हे. शिक्का, माती, वजन, झिलई, बुडाची कड, सगळ्यांचं मिळून उत्तर निघतं.

बरणीला टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली तर धड आहे. बद्द वाजली तर कुठेतरी केसासारखी चीर आहे. तसल्या बरणीत लोणचं घालू नका, चिरेत ओल राहते आणि बुरशी धरते. जुन्या ताटल्यांवर झिलईच्या वरून रंग दिलेले असतील, बोटाला उंचवटा लागत असेल, तर त्यात आंबट वाढू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. ती ताटली बघायला ठेवा.

विकण्याबद्दल दोन गोष्टी. फोनवर जाहिरात येते, जुनी नाणी, जुनी भांडी द्या, लाखो रुपये घ्या. मग सांगतात, आधी नोंदणीचे थोडे पैसे भरा. भरू नका! घेणारा खरा असेल तर तो पैसे देतो, मागत नाही. आणि कायदाही माहीत असू द्या. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. शेत नांगरताना किंवा पाया खणताना जमिनीत पुरलेलं मोलाचं काही सापडलं, तर १८७८ पासूनचा कायदा सांगतो की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. नुसती खापरं निघाली तरी उकिरड्यावर टाकू नका. कोणत्या शेतात, किती खोल, बरोबर आणखी काय होतं, हे लिहून ठेवा. जागेची माहिती नसेल तर खापर मुकं होतं.

शेवटी एक काम देते. येत्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एक जुनं भांडं आणायचं. बरणी आणा, सट आणा, कपबशी आणा, फुटकी असली तरी चालेल. बचतीचा हिशोब झाला की एका वहीत चार गोष्टी लिहायच्या. हे भांडं घरात कोणी आणलं? कोणत्या गावाहून, कोणत्या बाजारातून? त्यात काय ठेवायचे? आणि ते कोणी कोणाला दिलं? तारीख आठवत नसेल तर 'बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी' किंवा 'थोरलीच्या लग्नात' असं लिहिलं तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मुलींनी लिहावं. घरात सासूबाई, आई, आत्या, कोणी म्हातारी माणसं असतील तर त्यांना आजच विचारा. मी विचारलं नाही, म्हणून सांगते.

माझ्याकडे ती चौथी बरणी अजून आहे, झाकणाची कड उडालेली. हे बोलणं तयार करताना मी ती पहिल्यांदाच पालथी केली. बुडावर पुसटसा शिक्का आहे, दोनच अक्षरं वाचता येतात. पण आत अजून मेथीचा आणि हिंगाचा वास येतो. ती काही शोषून घेत नाही असं मीच मघापासून सांगते आहे, तर हा वास कुठून आला? बघितलं तर झाकणाची कड जिथं उडाली आहे, तिथली झिलई गेली आहे. तेवढ्या उघड्या मातीत सासूबाईंचं लोणचं मुरलं आहे.

बैठकीतल्या वह्या भरल्या की आम्हाला कळवा. तुमच्या बरण्यांच्या गोष्टी आपण इथेच, रेडिओवर वाचू. नमस्कार.